मराठीतील क्वीअर चळवळ

क्वीअर चळवळ म्हणजे मोठ्या शहरांतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचे काम, असा समज अजूनही आहे. मराठीत मात्र हा विषय जुना आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्याची नायिका एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी आत्महत्या करते. त्या काळी रंगभूमीला दुसरा शेवट सुचणे अवघडच होते.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. समुपदेशनाच्या जोडीला त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. ‘पार्टनर’ ही कादंबरी त्यातलीच. हे काम वाटते तितके साधे नव्हते. भाषेत शिव्यांपलीकडे शब्दच नसतील, तर मुलाने आईला सांगायचे कसे? २०११ मध्ये पुण्यात पहिली प्राइड पदयात्रा निघाली.

तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’ या संग्रहाने हा आवाज थेट कवितेत आणला. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या.

कायदा मागून आला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले. म्हणजे भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या माणसासाठी तो कागद जालन्याहून निघतो. गावात तोंड उघडून अर्ज करणे हीच खरी अडचण. समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. लग्नाचा हक्क मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्य केला नाही.