जुन्या लष्करी रायफली : बनावट मुद्रा आणि विजोड भाग यांची चिकित्सा

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कागदपत्रांइतकेच वस्तुरूप साधनांनाही महत्त्व आहे. मात्र दस्तऐवज तपासताना अभ्यासक जी दक्षता घेतो, ती शस्त्रांच्या बाबतीत अनेकदा घेतली जात नाही. शस्त्रावरील राजमुकुट व सन पाहूनच त्याचा काळ ठरविला जातो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर वापरल्या गेलेल्या रायफलींच्या आधारे या पद्धतीच्या मर्यादा प्रस्तुत निबंधात तपासल्या आहेत.

मुद्रांचे परीक्षण :
मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यान वसलेल्या दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश शस्त्रांच्या नकला हाताने घडविल्या. शस्त्राबरोबर त्यावरील मुद्राही नकलल्या गेल्या. अस्सल मार्टिनी-हेन्रीवर मुकुट, व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.' ही आद्याक्षरे, कारखान्याचे नाव व सन आढळतो. नकलेत अक्षरे वेडीवाकडी असतात. इंग्रजी लिपी न जाणणाऱ्या कारागिराच्या हातून 'एनफिल्ड' या नावातील 'एन' हे अक्षर उलटे उमटते. २२ जानेवारी १९०१ रोजी राणीचे निधन झाले. त्यामुळे तिच्या आद्याक्षरांशेजारी त्यानंतरचा सन असल्यास ती मुद्रा स्वतःच आपले खोटेपण सिद्ध करते. सन सुसंगत असला तरी धातू पाहणे आवश्यक ठरते. गंजाने खड्डे पडलेल्या पृष्ठभागावर तीक्ष्ण कडांचा ठसा असेल, तर तो गंज चढल्यानंतर मारला गेला असला पाहिजे.

विजोड भागांचा अर्थ :
ली-एनफिल्ड रायफलीत बोल्ट व नळी बसविलेली मुख्य चौकट यांवर एकच क्रमांक असे. काडतूस नीट बसून सुरक्षितपणे उडावे, यासाठी प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसविला जाई. तथापि क्रमांक न जुळणे हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. लष्करी दुरुस्तीत भाग बदलल्यावर जुना क्रमांक रेघ मारून रद्द केला जाई व नवा उमटविला जाई. विक्रीसाठी भाग 'जुळविणारा' मात्र जुना क्रमांक घासून नाहीसा करतो. तेथे धातू किंचित खोलगट होतो व मूळ रंगलेप तुटतो. दस्तऐवजातील उघड खाडाखोड व खरवडून केलेला बदल यांत जो भेद आहे, तोच येथेही लागू पडतो.

निष्कर्ष :
पूर्णतः जुळणारी रायफल अस्सल व विजोड रायफल बनावट, हे समीकरण टिकत नाही. विजोड भाग सेवाकाळातील दुरुस्तीची साक्ष देऊ शकतात, तर सर्व क्रमांक जुळण्यामागे अलीकडचा विक्रेता असू शकतो. सरहद्दीवरील नक्कलही निरुपयोगी नाही. ब्रिटिश लष्करी इतिहासाचे साधन म्हणून ती बाद ठरली, तरी स्थानिक कारागिरीच्या इतिहासाचे ती अस्सल साधन आहे. म्हणून संग्रहालयाच्या नोंदवहीत 'मुद्रेवरील सन' आणि 'अनुमानित निर्मितिकाळ' या दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात. एका चुकीच्या नोंदीवरून पुढील अभ्यासकांचे निष्कर्ष चुकण्याचा धोका त्यामुळे कमी होईल.