काम, शरीर आणि वय : एक प्रस्तावना

पंजाब राज्य वीज मंडळात सहायक लाइनमन असलेल्या भगवान दास यांची दृष्टी नोकरीत असतानाच पूर्ण गेली. 1996 मध्ये त्यांनी मंडळाला अर्ज केला : मला आता दिसत नाही, मला निवृत्त करा आणि माझ्या पत्नीला एखादी योग्य नोकरी द्या. मंडळाने त्यांना निवृत्त केले. पुढे त्यांनी दाद मागितली तेव्हा उत्तर मिळाले की तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली आहे. खरे तर अर्जाच्या काही महिने आधी, 7 फेब्रुवारी 1996 रोजी, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 1995 चा कायदा लागू झाला होता. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, पदावनतही करता येणार नाही, असे त्याचे कलम 47 स्पष्ट सांगत होते. अर्जदाराला ते ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते, त्यांनी सांगितले नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्ज स्वेच्छेचा मानायला नकार दिला आणि भगवान दास यांना न्याय दिला.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने सुरुवात अशा एखाद्या अर्जापासून करावी, असे मला मनापासून वाटते. कलमे नंतरही वाचता येतात. आपल्याला आता इथे जागा नाही, असे माणूस स्वतःच्या हाताने लिहून देतो. ते लिहायला त्याला कोणी भाग पाडले, हा आपल्या अभ्यासाचा पहिला प्रश्न आहे.

आज 1995 च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने घेतली आहे. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 टक्के झाले. हे आकडे परीक्षेत विचारले जातात. मला कलम 20 त्याहून मोलाचे वाटते. जुन्या कलम 47 चे संरक्षण त्यात उतरले आहे : मूळ पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांवर दुसरे पद द्यायचे, तेही रिकामे नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडच्या, पदावर ठेवायचे. शोधण्याची जबाबदारी सरकारी आस्थापनेची. कर्मचाऱ्याने दारोदार फिरायचे नाही.

याच्या मुळाशी वाजवी सोयींची कल्पना आहे. एकाच साच्याची वागणूक म्हणजे समानता नव्हे. माणसागणिक कामात बदल करावा लागतो आणि तो नाकारणे हाही भेदभावच, असे कायदा म्हणतो. 2021 च्या विकास कुमार प्रकरणात हे फार नेमके दिसते. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक हवा होता. त्याचे अपंगत्व 40 टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही, हे परीक्षा घेणाऱ्या आयोगाचे कारण. टक्केवारी आरक्षणासाठी आहे, सोय मिळण्यासाठी तिची अट घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत प्रमाणपत्रावरचा आकडा पाहून माणसाकडे पाहणे थांबते. त्यांनी हा निकाल मुळातून वाचायला हवा.

काही वेळा कायद्याच्या यादीत नाव नसले तरी हक्क असतो. तेलंगणा राज्य परिवहन महामंडळातील एक चालक रंगांधळेपणामुळे अनफिट ठरला. त्याने दुसरे काम मागितले, महामंडळाने त्याला निवृत्त केले. रंगांधळेपणा त्या 21 प्रकारांत नाही. पण अशा चालकांना पर्यायी काम द्यायचे, असे 1979 मध्ये कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील समझोत्यात ठरले होते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो समझोता बंधनकारक मानला आणि पर्यायी काम शोधण्याचा प्रयत्नच झाला नव्हता, हेही नोंदवले. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी वाटाघाटीच्या टेबलावर कोणी तरी हा मुद्दा लावून धरला होता, म्हणून त्या चालकाला उभे राहायला जमीन मिळाली. कामगार चळवळीचा इतिहास या विषयाबाहेर ठेवता येत नाही तो यासाठी.

वयाकडे वळलो की कायदा एकदम अबोल होतो. संविधानाच्या अनुच्छेद 16(2) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास आहेत; वय नाही. अमेरिकेने 1967 मध्ये चाळिशीपुढच्या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे खासगी नोकरीच्या जाहिरातीत ‘वय 35 च्या आत’ असे बिनधास्त छापता येते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना 35 व्या वर्षी निवृत्त करणारा नियम 1981 मध्ये नर्गेश मिर्झा प्रकरणात न्यायालयापुढे आला. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारी तरतूद न्यायालयाने रद्द केली, मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारा अधिकारही रद्द केला. स्त्रीच्या तारुण्यालाच नोकरीची पात्रता मानणाऱ्या विचाराची मात्र पुरती झाडाझडती झाली नाही. ती आजही व्हायची आहे.

तरीही ज्येष्ठ कामगार अगदीच निराधार नव्हता. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधील ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे कपातीचे तत्त्व वयाचे नावही न घेता जुन्या कामगाराला वाचवत आले. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कामगार न्यायालयाचा दरवाजा उघडला. सूडबुद्धीने किंवा अधिकाराचा दिखाऊ वापर करून कामावरून काढणे त्यात मोडते. पण हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येतल्यांना. पन्नाशीच्या व्यवस्थापकाला खोलीत बोलावून राजीनाम्याचा तयार मजकूर पुढे सरकवला जातो तेव्हा त्याच्या हाती यातले जवळजवळ काहीच नसते.

अपंगत्व आणि वय एकत्र वाचावे असा माझा आग्रह आहे. दोन्हीकडे अन्यायाची रीत एकच असते : प्रत्यक्ष काम काय आहे हे न तपासता माणूस अक्षम ठरवला जातो. शिवाय हे दोन्ही एकाच शरीरात भेटतात. तिशीत डोळे तपासून घेतलेला रेल्वेचा लोको पायलट पन्नाशीत त्याच तपासणीत नापास होतो, ‘मेडिकल डिकॅटेगराइज’ होतो, म्हणजे वैद्यकीय कारणाने मूळ पदास अपात्र ठरतो. त्याच्या बाबतीत वय कुठे संपले आणि अपंगत्व कुठे सुरू झाले, हे कोण सांगणार? कायदा त्याला दुसऱ्या कारणाने वाचवतो, पहिल्याने नाही. ही फट बुजवणे हे पुढच्या पिढीतील अभ्यासकांचे काम आहे.

विद्यार्थी, संघटनेचे कार्यकर्ते, आस्थापना शाखेतले कर्मचारी, सगळ्यांचे इथे स्वागत आहे. निकाल वाचताना आधी तथ्यांचा भाग वाचा. वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रात नेमके काय लिहिले आहे ते पाहा : ‘सेवेस अपात्र’ की ‘या पदास अपात्र’? पुष्कळ खटले तिथेच जिंकले किंवा हरले जातात. खासगी आस्थापना असेल तर 2016 च्या कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिचे समान संधी धोरण आहे का, ते मागून पाहा. आणि कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्याला अपघातात हात गमवावा लागला, तर दुसरे काम द्यायचे कोणी, कंत्राटदाराने की मूळ मालकाने, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.