‘सार्कोपेनिया’ : एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रात एखाद्या घटनेला नाव मिळाले म्हणजे तिच्याकडे लक्ष वेधते. परंतु नाव एकाच अंगावरून पडले, तर लक्षही त्याच अंगावर खिळून राहते. वार्धक्यातील पायांचे बल आणि चालण्याचा वेग यांच्या अभ्यासाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१९८८ साली अमेरिकेतील अल्बुकर्क येथे भरलेल्या एका बैठकीत अर्विन रोझेनबर्ग यांनी वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या घटीस ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचविली. ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस व ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. या नावाने विषयाला प्रतिष्ठा दिली हे खरे. पण निर्देश मांसाचा झाला, बलाचा नव्हे. साहजिकच मोजमापही मांसाचेच झाले. १९९८ साली न्यू मेक्सिकोतील वृद्धांच्या पाहणीत रिचर्ड बाउमगार्टनर यांनी हातापायांतील स्नायूंच्या वस्तुमानाला उंचीच्या वर्गाने भागून या विकाराची मर्यादा ठरविली.

वास्तविक निराळा पुरावा त्यापूर्वीच हाती आला होता. १९९० साली मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथील शुश्रूषागृहातील नव्वदीच्या १० वृद्धांना आठ आठवडे पायांनी भार उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, तर मांडीतील स्नायूंचे क्षेत्रफळ केवळ ९ टक्क्यांनी. पावलापुढे पाऊल टेकवून चालण्याचा वेगही ४८ टक्क्यांनी वाढला. पुढे १९९६ साली डेव्हिड बुकनर यांनी दाखविले की, पायांचे बल एका मर्यादेखाली असेल तर त्यातील अल्प फरकानेही चाल बदलते. त्या मर्यादेपलीकडील वाढ वेगात उतरत नाही.

मांस आणि बल हे भिन्न पदार्थ आहेत, हे २००८ साली क्लार्क व मनिनी यांच्या ‘डायनापेनिया’ या नव्या संज्ञेने स्पष्ट झाले. २०१८ साली युरोपीय तज्ज्ञगटाने सुधारित व्याख्येत बलाला अग्रस्थान दिले; स्नायूंचे प्रमाण निदानाच्या पुष्टीसाठी आणि चालण्याचा वेग विकाराची तीव्रता ठरविण्यासाठी योजिला. सेकंदास ०.८ मीटर वा त्याहून मंद चाल हे तीव्रतेचे एक गमक होय. जुने नाव मात्र कायम राहिले.

मराठीत परिभाषा घडविताना हा इतिहास दृष्टिआड करता येणार नाही. आयुर्वेदातील ‘मांसक्षय’ हा शब्द सहज सुचतो. परंतु तो घेतल्यास मूळ संज्ञेतील एकांगीपणाही मराठीत येईल. आपली बोली वृद्धाविषयी ‘मांस घटले’ असे म्हणत नाही, ‘पाय थकले’ असे म्हणते. तिने लक्ष ठेवले आहे ते कार्यावर. परिभाषाकाराने तेवढे तरी तिच्याकडून शिकावे.