पहिलं पदक जोडीचंच

रोवणी आटोपली, हात जरा मोकळे झाले, म्हणून रेडिओ लावून बसला असाल. दर वेळी आम्ही तुमच्याशी पासबुक, कर्जाचा हप्ता आणि बैठकीचं इतिवृत्त यांवर बोलतो. आज मात्र बॅडमिंटनच्या एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या विदर्भात जन्मली, आणि तिचा खेळ दोघींनी मिळून खेळायचा आहे. आपल्या गटाच्या कामासारखाच.

गोंदियाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की नागपूरनंतर वर्धा येतं. त्या वर्ध्यात ७ सप्टेंबर १९८३ रोजी ज्वाला गुट्टा हिचा जन्म झाला. वडील तेलुगू. आई येलान मूळच्या चीनच्या. गांधीजींना मानणाऱ्या आपल्या आजोबांबरोबर त्या भारतात आल्या होत्या. ज्वाला वाढली हैदराबादला. एस. एम. आरिफ या नामवंत प्रशिक्षकांकडे ती लहानपणीच शिकायला लागली. ती डावखुरी आहे आणि तिचं नाव झालं ते दुहेरीत.

दुहेरी म्हणजे काय, ते आधी सांगतो. बॅडमिंटनचं मैदान ४४ फूट लांब असतं. एकेरीत त्याची रुंदी १७ फूट धरतात, दुहेरीत २०. प्रत्येक बाजूला दोघी असतात. हल्ला करायचा तेव्हा एक जाळीजवळ पुढे आणि एक मागे. बचावाची वेळ आली की दोघी शेजारी-शेजारी. ही अदलाबदल डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात करायची, एकमेकींशी बोलायला सवड नसते. आपल्याकडे जुन्या बायका एका उखळात दोघी मिळून धान कांडायच्या, तसंच हे. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळायचं.

आता थोडं मागे जाऊ. इंग्रज अधिकारी हा खेळ पुण्यात खेळायचे, म्हणून एके काळी त्याला ‘पूना’ असंच म्हणत. १८९९ साली इंग्लंडमध्ये ‘ऑल इंग्लंड’ ही मोठी स्पर्धा पहिल्यांदा भरली. त्या वर्षी तिच्यात फक्त जोडीचे सामने झाले: पुरुषांचे, स्त्रियांचे आणि मिश्र. एकेरीचे सामने पुढच्या वर्षी आले. म्हणजे स्पर्धेची सुरुवातच जोडीने झाली, आणि त्या पहिल्या दिवसापासून स्त्रियांची जोडी मैदानात होती.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. क्रिकेटपटू दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिघी मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पुढे १९७८ साली कॅनडातल्या एडमंटनला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथे मुंबईच्या अमी घिया आणि तिची जोडीदार कंवल ठाकरसिंग यांनी दुहेरीत ब्राँझपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय स्त्रियांना मिळालेलं हे पहिलं पदक, कुठल्याही खेळातलं. ते एकीचं नव्हतं, दोघींचं होतं.

ज्वालाची पहिली जोडीदार श्रुती कुरियन. २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षं या दोघींनी राष्ट्रीय दुहेरीचं विजेतेपद सोडलं नाही. सात वर्षं एक ताल टिकवणं किती अवघड, ते गट चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. त्यानंतर अश्विनी पोनप्पा ही तरुण मुलगी जोडीला आली. अश्विनीचा मागून येणारा फटका जोरकस, आणि ज्वालाचा हात जाळीपाशी चपळ.

१४ ऑक्टोबर २०१० हा दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी ज्वाला आणि अश्विनीने सिंगापूरच्या जोडीला हरवून सुवर्णपदक घेतलं. पाठोपाठ सायना नेहवालने एकेरीचं सुवर्ण जिंकलं. भारताची सुवर्णपदकं झाली ३८ आणि इंग्लंडची ३७. भारत दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या एका पदकाच्या फरकात जोडीचं सुवर्णही होतं. ते नसतं तर इंग्लंडच पुढे राहिलं असतं.

पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, लंडनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दोघी उपांत्य फेरीत चिनी जोडीकडून हरल्या, पण ब्राँझपदक घेऊन आल्या. याआधी भारताला या स्पर्धेत एकच पदक होतं, १९८३ मधलं प्रकाश पदुकोणचं. भारतीय स्त्रियांचं जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक हेच. सिंधूचं त्यानंतर दोन वर्षांनी आलं, सायनाचं चार वर्षांनी. इथेही पहिलं पदक जोडीचंच.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ज्वाला स्त्रियांच्या दुहेरीत आणि मिश्र दुहेरीत, अशा दोन्हींत उतरली. ऑलिंपिकच्या बॅडमिंटनमध्ये दोन प्रकारांत पात्र ठरलेली ती पहिली भारतीय. स्त्रियांच्या दुहेरीत आपल्या जोडीने तीनपैकी दोन सामने जिंकले. पण गटातल्या तीन जोड्यांचे विजय सारखे झाले, गुणांची वजाबाकी करावी लागली, आणि एका गुणाने आपली जोडी मागे राहिली.

एवढं सगळं झाल्यावर २०१३ साली देशात बॅडमिंटनची मोठी लीग सुरू झाली. खेळाडूंचा लिलाव होणार होता. ज्वाला आणि अश्विनी या दोघींची मूळ किंमत प्रत्येकी ५० हजार डॉलर ठरली होती. लिलावात ती निम्म्यावर, २५ हजारांवर आणली गेली. कारण लीगच्या लढतींतून स्त्रियांची दुहेरीच काढून टाकली होती. आपल्याला आधी सांगितलं नाही, अशी तक्रार दोघींनी जाहीरपणे केली. फरकाची रक्कम भरून देऊ, असं नंतर सांगण्यात आलं. पण ज्या प्रकारात भारतीय स्त्रियांनी जगात पहिलं पदक मिळवलं, त्या प्रकाराला आपल्याच देशाच्या लीगमध्ये जागा नव्हती.

दोघी थांबल्या मात्र नाहीत. २०१४ मध्ये दिल्लीला उबर चषकात भारतीय स्त्रियांच्या संघाने ब्राँझ मिळवलं, त्या संघात या दोघी होत्या. त्याच वर्षी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं. २०१५ मध्ये कॅनडा ओपन जिंकली, २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळल्या. पुढे ज्वालाने हैदराबादला मुलामुलींना शिकवायला अकादमी काढली. अश्विनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरली, या वेळी तनिषा क्रास्टो या गोव्याच्या कुटुंबातल्या मुलीबरोबर.

मैत्रिणींनो, हे सगळं वाचताना आम्हाला आमचीच एक चूक आठवली. आमच्या एका गटात दोघी जावा मिळून तांदळाचे पापड करतात. एका कार्यक्रमात गटाचा सत्कार व्हायचा होता. अर्जात नावाचा रकाना एकच होता, आम्ही एकच नाव भरलं. प्रमाणपत्र एकीच्या नावाने आलं. धाकटी जाऊ रागावली नाही. घरी जाताना एवढंच म्हणाली, “ताई, तांदूळ मी भिजवला, पीठ मी दळलं, मग कागदावर मी कुठं गेली?” आमच्याजवळ उत्तर नव्हतं. रकाना दुसऱ्याने आखला होता, पण दुसरं नाव लिहायला जागा करता आली असती, ती आम्ही केली नाही.

बँकेत पैसे काढताना आपल्या गटाला दोघींच्या सह्या लागतात. तिथे एकीची सही चालत नाही. मग शाबासकीच्या वेळी एकच नाव का चालावं? म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातलं जे काम दोघी मिळून करतात, त्याच्यापुढे इतिवृत्तात दोघींची नावं लिहा. रकाना लहान असला तर समासात लिहा. आम्हीही आता तसंच करतो. त्या पापडांच्या नोंदीपुढे आता दोन नावं आहेत, आणि पहिलं नाव धाकटीचं आहे.