मताआधीचे मत: आसेगाव आणि उमेदवार निवडीचा इतिहास

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात असलेल्या आसेगावच्या मतदारापुढे दोन तऱ्हेच्या निवडणुका येतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते. कपबशी, छत्री, शिट्टी अशी मुक्त चिन्हे असतात आणि लढत गावातल्या पॅनलांमध्ये होते. जिल्हा परिषदेच्या आसेगाव गटात मात्र पक्ष आपापल्या चिन्हांवर लढतात. दोन्हीकडे मतदान गुप्त असते, पण मतदारापुढे कोणती नावे यावीत हे त्याआधीच ठरलेले असते. त्या ठरवण्यात किती लोकांचा हात असावा, हा निवडणूक सुधारणेतील मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेने या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले. विस्कॉन्सिन राज्याने 1903 मध्ये पक्षाचा उमेदवार निवडण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या अधिवेशनाकडून काढून मतदारांकडे दिला. या पूर्वनिवडणुकीला प्रायमरी म्हणतात. बंदिस्त प्रायमरीत त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदारच मत देतात, तर खुल्या प्रायमरीत अशी नोंद नसलेल्या मतदारालाही कोणत्याही एका पक्षाच्या निवडीत भाग घेता येतो. पहिल्या पद्धतीत पक्षाची ओळख टिकते, दुसरीत सामान्य मतदाराचा शब्द वाढतो. भारतात अशी तरतूद कोणत्याही निवडणूक कायद्यात नाही.

आसेगाव ज्या वऱ्हाडात येते, तिथे गावकारभार दीर्घकाळ पाटील आणि पटवारी यांच्या वंशपरंपरागत हक्कांभोवती फिरत होता. मुलूख निजामाचा होता, 1853 मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. या प्रांतात 1946 मध्ये पंचायत कायदा झाला आणि 1948 पासून तालुका पातळीवर जनपद सभा आल्या. 1956 मध्ये वऱ्हाडासह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958 ने राज्यातील ग्रामपंचायतींना एकसारखी चौकट दिली. जिल्हा परिषदांचा पाया घातला तो 1960 मध्ये नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने. नाईक शेजारच्याच पुसद भागातले. समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आसेगावचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 रोजी वाशिम वेगळा जिल्हा झाला.

या कायद्यांनी मतदान नियमबद्ध केले, उमेदवाराची निवड मात्र रूढीवर सोडली. गावपातळीवर ती रूढी बिनविरोध निवडणुकीच्या बैठकीत दिसते. महाराष्ट्रातील अनेक गावांत मंडळी देवळात किंवा पारावर जमतात, वॉर्डनिहाय नावे ठरतात आणि अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी उरलेल्यांची समजूत काढली जाते. जागांइतकेच अर्ज उरले की मतदान होतच नाही. एकोपा आणि खर्चाची बचत हा या प्रथेचा खरा गुण आहे. पण बैठकीला मतदारयादी नसते, गुप्तता नसते आणि बाया, मजूर, तरुण यांचा शब्द तिथे हलका पडतो. या अर्थाने ती बंदिस्त प्रायमरीच ठरते, तीही नियमांवाचून. प्रथा कुठवर घसरू शकते हे जानेवारी 2021 मध्ये दिसले. सरपंच आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे आढळल्याने राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली.

सरपंच कोणी निवडावा, यावरही कायदा मागेपुढे झाला. आधी निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. काठावरचे बहुमत असले की सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना निवडीच्या दिवसापर्यंत सहलीला नेण्याचे प्रकार सर्रास घडत. 2017 मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. थेट पद्धतीत मतदार आपल्या वॉर्डाच्या सदस्यांसाठी मत देतो आणि सरपंचासाठी वेगळे मत देतो.

जिल्हा परिषदेला दार पक्षाचे असते आणि त्याची किल्ली म्हणजे ए-बी फॉर्म. उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षाने कोणाला दिला आहे, हे ए फॉर्म सांगतो, तर बी फॉर्मवर उमेदवाराचे नाव असते. हे कागद मुदतीत पोचले नाहीत तर वर्षानुवर्षे पक्षासाठी राबलेला कार्यकर्ताही अपक्ष ठरतो.

या दाराचे महत्त्व आसेगाव गटात 2021 मध्ये ठळक झाले. वाशिम जिल्हा परिषदेच्या आरक्षणावरून उभ्या राहिलेल्या विकास किशनराव गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजी निकाल दिला. ओबीसींसह एकूण आरक्षण 50 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. जानेवारी 2020 मध्ये ओबीसी आरक्षणातून निवडून आलेल्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. वाशिम जिल्हा परिषदेत अशा 14 जागा होत्या आणि आसेगाव त्यांपैकी एक होता. या जागा सर्वसाधारण प्रवर्गात गेल्या आणि 5 ऑक्टोबर 2021 रोजी पोटनिवडणूक झाली. जिथे आधी कायद्याने ओबीसी उमेदवाराची हमी होती, तिथे त्या वेळी त्याला उमेदवारी मिळणे पक्षांच्या मर्जीवर आले.

पक्षाचे दार रुंद करण्याचा एक प्रयोग विदर्भातच झाला. 2014 च्या लोकसभा निवडणुकीआधी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात त्यासाठी वर्धा आणि लातूर निवडले गेले. मत देण्याचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता होता, म्हणजे पद्धत बंदिस्त होती. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांच्यावर मात केली. एक तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र, दुसऱ्या काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. मुख्य निवडणुकीत दोन्ही जागा भाजपने जिंकल्या आणि काँग्रेसमध्ये ही पद्धत रुजली नाही.

पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने 1999 मधील 170 व्या अहवालात केली होती. तसा कायदा झालेला नाही. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय 2013 पासून मतदाराला आहे, पण तो नावे ठरल्यानंतरचा नकार आहे. नावे ठरवण्याचा अधिकार नाही. बिनविरोध गावात तर तो नकार नोंदवायलाही जागा उरत नाही.