ग्रामीण दूरशिक्षण व दूरवैद्यक सेवेसाठी अनुदान : अर्ज कोठे करावा, काय मागावे

खेड्यातील शाळेत पडद्यावरून शिकविण्याची अथवा आरोग्य उपकेंद्रातून शहरातील तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला मिळवून देण्याची सोय उभारू इच्छिणाऱ्या संस्था, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी निधीचे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. मात्र हे मार्ग वेगवेगळ्या मंत्रालयांत, कायद्यांत आणि जिल्हा यंत्रणांत विखुरलेले आहेत. त्यातही संगणक, पडदा, कॅमेरा यांसाठी पैसा मिळणे तुलनेने सोपे आणि ती यंत्रणा वर्षानुवर्षे चालविणाऱ्या माणसासाठी, विजेसाठी व दुरुस्तीसाठी मिळणे अवघड आहे. अर्ज लिहावयास बसण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

अमेरिकेत या दोन्ही कामांसाठी कृषी खात्याची एकच योजना आहे. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ग्रामीण भागाला सेवा देणाऱ्या शाळा, रुग्णालये व संस्थांना तीत ५० हजार ते १० लाख डॉलरपर्यंत अनुदान मिळते. अर्जदाराने किमान १५ टक्के वाटा स्वतः उभारावा लागतो. भारतात अशी एकत्रित योजना नाही. येथे शिक्षणाचा पैसा शिक्षण खात्याच्या वाटेने, आरोग्याचा आरोग्य खात्याच्या वाटेने आणि जोडणीचा दूरसंचार खात्याच्या वाटेने येतो. गावात मात्र बहुधा एकच खोली, एकच वीजजोडणी आणि एकच शिकलेली तरुणी हे तिन्ही सांभाळत असते.

गरजेबाबत वाद नाही. ‘ग्रामीण आरोग्य सांख्यिकी २०२१-२२’ या केंद्र सरकारच्या प्रकाशनानुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व फिजिशियन यांची आवश्यकतेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के कमतरता होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, केवळ ४.४ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे संगणक आढळला होता. परंतु असे राष्ट्रीय आकडे अर्जात फार उपयोगी पडत नाहीत, कारण ते प्रत्येक अर्जदाराला सारखेच लागू असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून गेल्या वर्षी किती रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठविले गेले, ते अंतर किती किलोमीटर, शेवटची एसटी किती वाजता, शाळेत गणित-विज्ञानाची किती पदे किती महिने रिक्त होती, ही माहिती गावाबाहेरच्या कोणालाही देता येणार नाही. छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने तीच वजनदार ठरते.

जे फुकट आहे ते मागू नये, हे दुसरे पथ्य. ‘ई-संजीवनी’ ही केंद्राची दूरवैद्यक सेवा सी-डॅकच्या मोहाली केंद्राने विकसित केली आहे. डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्याचा तिचा भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये व घरबसल्या बाह्यरुग्ण सल्ल्याचा भाग एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देतो, अशी तिची रचना आहे. शालेय पाठांसाठी ‘दीक्षा’ आणि मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम ई-विद्या’च्या दूरचित्रवाहिन्या आहेत. असे असताना नवे सॉफ्टवेअर विकसित करण्यासाठी लाखो रुपयांची मागणी करणारा अर्ज संशय निर्माण करतो. उपलब्ध सेवेपर्यंत गावकऱ्यांना पोहोचविण्यासाठी माणूस, वीज, जोडणी व दुरुस्ती यांची मागणी करणारा अर्ज अधिक पटतो.

सर्वांत जवळचे आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित दार ग्रामपंचायतीचे आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण, प्रौढ शिक्षण, ग्रंथालये आणि आरोग्य यांचा समावेश आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला. उर्वरित ४० टक्के अबंधित भाग या २९ विषयांतील गरजांसाठी वापरण्याची मुभा दिली. वेतन व आस्थापना खर्च मात्र त्यातून वगळला. याखेरीज स्थानिक संस्थांच्या मार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची स्वतंत्र तरतूद आयोगाने सुचविली होती. हा पैसा अर्जाने मिळत नाही, ग्रामपंचायत विकास आराखड्यातून मिळतो. महाराष्ट्रात हा आराखडा ‘आमचं गाव आमचा विकास’ या नावाने ओळखला जातो. त्याची देशव्यापी मोहीम साधारणतः २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या सभेत विषय मांडला गेला नाही, तर बहुतेकदा पुढचे वर्ष हातचे जाते. संस्थेने सरपंचांना निवेदन देऊन थांबू नये. ग्रामसभेच्या ठरावात कामाचे नाव, जागा आणि अंदाजित खर्च नोंदला जाईल हे पाहावे. हाच ठराव पुढे कंपनीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे अर्ज करताना जोडपत्र म्हणून उपयोगी पडतो.

सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून माहिती-तंत्रज्ञान प्रयोगशाळेसाठी ६.४० लाख रुपयांपर्यंत एकवेळचे आणि पाच वर्षे दरवर्षी २.४० लाखांपर्यंत आवर्ती साहाय्य मिळू शकते. आवर्ती खर्चाची सोय असलेली अशी योजना विरळाच. तिच्यासाठीही शाळा थेट दिल्लीकडे अर्ज करीत नाही. ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत मुख्याध्यापकांनी भरलेली माहिती, त्यावरून जिल्ह्याचा आराखडा, मग राज्याचा, आणि शेवटी केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाची मंजुरी, असा हा प्रवास आहे. त्या माहितीत वीजजोडणी किंवा वर्गखोल्या यांची नोंद चुकली तर शाळेची बाजू आरंभीच लंगडी पडते. आरोग्याच्या बाबतीत राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा अशाच तऱ्हेने खालून वर जातो. गाव पातळीवरील आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वार्षिक दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो. रक्कम लहान आहे, पण एखाद्या केंद्राचे इंटरनेट देयक भागविण्याचा प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याजोगा आहे.

स्वयंसेवी संस्थांचा मुख्य भर कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीवर, म्हणजे सीएसआरवर असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम या कामी खर्च करावी लागते. आरोग्य, शिक्षण आणि ग्रामविकास हे तिन्ही विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. कंपनीच्या कामकाज क्षेत्राजवळील भागाला प्राधान्य असल्याने आधी जिल्ह्यातील कारखाने, साखर उद्योग, वीज प्रकल्प व बँका पाहाव्यात. मुंबईतील मुख्यालयाला पाठविलेल्या पत्रापेक्षा स्थानिक प्रकल्प व्यवस्थापकाशी झालेली भेट अधिक फलदायी ठरते.

या निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेने ‘सीएसआर-१’ हा नमुना भरून नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. प्राप्तिकर खात्याकडील १२ए व ८०जी या नावांनी परिचित असलेल्या नोंदण्या आणि, कंपनीने वा सरकारने स्थापन केलेली नसल्यास, अशाच कामाचा तीन वर्षांचा पूर्वानुभव लागतो. नव्या संस्थेने म्हणून जुन्या, नोंदणीकृत संस्थेच्या सोबतीने सुरुवात करणे श्रेयस्कर. महाराष्ट्रातील संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडील अभिलेख अद्ययावत ठेवावा लागतो. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत द्यावयाचा, ‘चेंज रिपोर्ट’ म्हणून ओळखला जाणारा बदल अर्ज रेंगाळलेला असेल आणि अर्जावर सही करणाऱ्याचे नाव अभिलेखावर नसेल, तर नेमका करारनाम्याच्या वेळी प्रश्न उभा राहतो. गुजरातमध्येही धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा आहे. बडोद्यातील मराठी संस्थांना ती परिचित आहे. अन्य राज्यांतील संस्थांनी त्या त्या राज्याचा कायदा पाहावा. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या संकेतस्थळावरील नोंदणीही आवश्यक ठरते.

सीएसआरच्या दोन तरतुदी या विषयाशी थेट निगडित आहेत आणि त्या फारशा वाचल्या जात नाहीत. पहिली प्रशासकीय खर्चाची. त्यावर असलेली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीचा खर्च तीत मोजला जात नाही. म्हणून केंद्र चालविणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन, तिचे प्रशिक्षण आणि देखरेखीचा प्रवास हे प्रकल्प खर्च म्हणून निःसंकोच मागता येतात. मर्यादेच्या धास्तीने ते अंदाजपत्रकातून गाळणे म्हणजे प्रकल्पाचे आयुष्य स्वतःच कमी करणे होय. दुसरी तरतूद मालमत्तेच्या मालकीची. सीएसआरमधून घेतलेली यंत्रसामग्री कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था, लाभार्थींचे बचत गट वा समूह किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच असावी लागते. मालक कोण हे करारातच लिहिलेले असावे. अन्यथा बॅटरी बदलण्याची वेळ येते तेव्हा शाळा संस्थेकडे, संस्था कंपनीकडे आणि कंपनी शाळेकडे बोट दाखविते. शिवाय ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता मिळाल्यास आरंभाचे आर्थिक वर्ष वगळून तीन वर्षांपर्यंत निधी मिळू शकतो. एका वर्षाच्या देणगीऐवजी ही मागणी करावी.

खाणपट्ट्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ, गडचिरोली आणि गोव्यातील जिल्ह्यांना हे लागू आहे. खाणबाधित गावांतील आरोग्य व शिक्षण हे त्याचे अग्रक्रमाचे विषय आहेत. खासदार स्थानिक विकास निधी मात्र टिकाऊ मालमत्तेसाठी आहे. आवर्ती खर्च त्यातून होत नाही. परदेशी देणगीसाठी विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखाली नोंदणी हवी, आणि तिच्यासाठी किमान तीन वर्षांचे अस्तित्व व त्या काळात मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि दुसऱ्या संस्थेकडे ती वळविता येत नाही. लहान ग्रामीण संस्थेसाठी हा मार्ग आता जवळपास बंदच आहे.

अर्जाचा तांत्रिक भाग लिहिताना जोडणीबाबत विशेष सावध राहावे. भारतनेटचा तंतू ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आला म्हणजे तो उपकेंद्रापर्यंत आला असे नव्हे. ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून जोडणी देण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. आपले केंद्र त्या यादीत आहे का, हे पाहून मगच त्यासाठी निधी मागावा. प्रत्यक्ष जागेवर सकाळी, दुपारी व संध्याकाळी घेतलेली गतीची मोजमापे आणि भारनियमनाच्या वेळा जोडल्यास अर्जाचे वजन वाढते.

दूरवैद्यकाच्या अर्जात २५ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांच्या चौकटीबाहेरची आश्वासने देऊ नयेत. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते, पण आरोग्य कार्यकर्त्याने सल्ला सुरू केला तर स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. नशा आणणारी व मनावर परिणाम करणारी प्रतिबंधित औषधे दूरसल्ल्याने लिहून देता येत नाहीत, आणि काही औषधांसाठी पहिला सल्ला चित्रफितीद्वारे समोरासमोरच व्हावा लागतो. दूरशिक्षणात पदवी देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त विद्यापीठांनाच आहे. गावातील संस्था इंदिरा गांधी किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना साहाय्य देऊ शकते. तिने स्वतःच्या नावाने अभ्यासक्रमाची प्रमाणपत्रे जाहीर करणे टाळावे.

निधी मंजूर झाल्यावर पहिल्या महिन्यातच साठा नोंदवही उघडावी. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ नुसार सरकारी अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते सरकारकडे परत भरावयाचे असते. अनुदानातून घेतलेला संगणक जुना झाला म्हणून पूर्वपरवानगीशिवाय विकता वा मोडीत काढता येत नाही. मागील प्रमाणपत्र प्रलंबित असेल तर पुढचा हप्ता अडतो, आणि त्या काळात केंद्र चालविणारीचे मानधन कोठून द्यावयाचे याची सोय, शक्य असल्यास तीन महिन्यांच्या राखीव रकमेच्या रूपाने, लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून आधीच करून ठेवावी लागते.