चोवीस तासांची रानवाट

तीन माणसांच्या नावांचे तुकडे जोडून एखाद्या खेळाचं बारसं व्हावं, हे तसं विरळाच. रॉड फिलिप्स, गेल डेव्हिस आणि नील फिलिप्स हे तिघं मेलबर्नच्या सरी थॉमस रोव्हर पथकातले, म्हणजे स्काउटांच्या थोरल्या शाखेतले. रॉडचा रो, गेलचा गे, नीलचा न, झाला रोगेन. पुढे अमेरिकेत टकलावर केस उगवणाऱ्या औषधालाही हेच नाव मिळालं आणि चेष्टेला आयतं निमित्त झालं.

बारसं 1976 चं, पण मूल बरंच आधीचं. मेलबर्न विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबाने 1947 साली चोवीस तासांची चाल सुरू केली होती. रानातल्या खुणा शोधत दिवसरात्र चालायचं, एवढाच तिचा गाभा. रोव्हर पथकही नंतर तशाच चाली भरवू लागलं. 1976 च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरियन रोगेनिंग असोसिएशन स्थापन झाली आणि तोंडी रिवाजांचे लेखी नियम झाले.

नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावायची शर्यत त्याआधीही होतीच. नॉर्वेत 1897 साली ती जाहीरपणे झालेली आहे. पण त्या ओरिएंटीयरिंगमध्ये बहुधा ठाण्यांचा, म्हणजे रानात गाठायच्या खुणांचा, क्रम आयोजक ठरवून देतात. उरतो तो मधला रस्ता. रोगेनिंगमध्ये क्रमच नाही. नकाशावर पसरलेली ठाणी इतकी असतात की चोवीस तासांत सगळी गाठणं जवळपास अशक्य. प्रत्येकाचे गुण वेगळे, लांबच्या आणि अवघड ठाण्याला जास्त. अनेक ठिकाणी ते ठाण्याच्या क्रमांकातच दडलेले असतात: 57 क्रमांकाला 50 गुण. नकाशा हाती येतो सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी, आणि माझ्या मते खरा खेळ तिथेच, जमिनीवर नकाशा पसरून बसलेल्या माणसांच्या वादावादीत सुरू होतो. काय गाठायचं यापेक्षा काय सोडायचं यावर जास्त भांडण होतं.

एकट्याने उतरता येत नाही. संघ दोन ते पाच जणांचा. सगळ्यांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं, ठाण्याशीही मिळूनच पोहोचायचं. चपळ गडी पुढे पिटाळून मागच्यांनी झाडाखाली बसायची सोय नाही. एकाचा पाय मुरगळून त्याने माघार घेतली, तर अख्ख्या संघाला त्याच्यासोबत तळावर परतावं लागतं. पूर्वी ठाण्यावर एक कागदही टांगलेला असे. त्यावर पोहोचल्याची वेळ आणि पुढे कुठे निघालो ते लिहायचं, म्हणजे संघ परतलाच नाही तर शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. इलेक्ट्रॉनिक नोंद आल्यावर हा कागद बऱ्याच ठिकाणी गेला.

या मंडळींचा सगळ्यात शहाणा शोध मात्र तळावरच्या स्वयंपाकघराचा. त्याला हॅश हाऊस म्हणतात. वारीतल्या अन्नछत्रासारखं ते रात्रभर चालू. कधीही या, गरम सूप घ्या, जेवा, वाटलं तर तंबूत दोन तास पडा आणि पुन्हा निघा. घड्याळ काही थांबत नाही. त्यामुळे जेवणसुद्धा डावपेचाचा भाग होतं. जिंकायला निघालेले तळाकडे फिरकत नाहीत, खिशातलं खातच शंभरावर किलोमीटर तोडतात. मुलांना घेऊन आलेले रात्री झोपून पहाटे पुन्हा बाहेर पडतात. दोघांनाही त्याच शर्यतीत जागा आहे, ती या चुलीमुळे.

रात्री मात्र सगळे सारखेच आंधळे. जीपीएसला बंदी, नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढंच. दिवसा समोरची डोंगराची सोंड बघून नकाशाशी ताडता येते, अंधारात टॉर्चच्या झोताबाहेर डोंगरच उरत नाही. मग चढ-उतार पायांनी वाचायचा, पावलं मोजायची. ओढ्यावरचं ठाणं असेल तर मुद्दाम थोडं डावीकडे निशाण धरायचं, म्हणजे ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे नक्की असतं. सरळ नेम धरून थोडक्यात चुकलं, तर कुठल्या बाजूला चुकलं तेच कळत नाही. ठाण्यावरचं नारिंगी-पांढरं कापड दिसेपर्यंत दर दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणतंच, ‘मागे राहिलं बहुतेक.’

दुसऱ्या दिवशी परतायला उशीर झाला तर मिनिटाला दहा गुण कापले जातात. अर्ध्या तासावर गेलं की संघ बाद. रात्रभर कमावलेलं शेवटच्या एका हावरट ठाण्यापायी पाण्यात जाऊ शकतं.

आंतरराष्ट्रीय महासंघ 1989 मध्ये आला, पहिली जागतिक स्पर्धा 1992 मध्ये व्हिक्टोरियातल्याच बीचवर्थला झाली. नंतर खेळ चेक प्रजासत्ताक, एस्टोनिया, लॅटव्हियापर्यंत गेला. आता सहा-आठ तासांच्या स्पर्धाही भरतात. सोमवारी कामावर जाणाऱ्यांना त्या सोयीच्या, नवख्यांनाही बऱ्या. पण सहा तासांत, तेही उजेडी, ना हॅश हाऊसला काम पडतं ना अंधारातल्या त्या कुरबुरीला. जागतिक स्पर्धा अजून चोवीस तासांचीच ठेवली आहे, ते बरं केलं.